पाच घरचा घास

आमच्या सांगलीच्या घरात सध्या रोज सकाळी एका डब्यावरून महाभारत होतं. नात साडेतीन वर्षांची. ती ज्या पाळणाघरात जाते तिथल्या ताईंनी मोबाइलवर बजावून ठेवलंय की बिस्किटं पाठवू नका, केक पाठवू नका, पाकिटातलं काही पाठवू नका. उसळ द्या, थालीपीठ द्या, पोळीचा लाडू द्या, वाढदिवस असला तर फळं वाटा. सून म्हणते, "आई, ती खातच नाही हो, उपाशी राहील." मुलगा म्हणतो, दोन बिस्किटांनी काय आभाळ कोसळणार आहे? मग मी मधे तोंड घालते. तोंड घालायचं वयच झालंय माझं, कोण काय करणार! परवा सुनेनं डब्यात हळूच सरकवलेला बिस्किटाचा पुडा मी काढून घेतला, तर ती रुसली. रुसू दे. हातात बिस्किट धरलेलं लहान पोर दिसलं की मला अजून काय दिसतं, हे तिला कुठं माहीत आहे? मला आमचा भिका दिसतो, माझा धाकटा भाऊ. बालवाडीच्या भिंतीला टेकून बसलेला, पोट तेवढं पुढं आलेलं, हातापायांच्या काड्या, आणि मुठीत अर्धं बिस्किट. ते खायचीही त्याला ताकद नसायची. सुनेला मी हे कधी नीट सांगितलं नाही. तिच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठी आज लिहायला बसले आहे.

औंधवरून वडूजकडं जाताना माळ लागतो, त्या माळाच्या पोटात आमचं गाव. घर म्हणजे एक खण, पुढं ओटा, आणि बाजूला काट्यांचं कुंपण घालून शेरडं कोंडायची जागा. दिवाळी सरली की आबा, म्हणजे आमचे वडील, मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात जायचे. तिकडच्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात मिळेल ते धान्य घ्यायचं, आणि मृगाच्या तोंडाला परत यायचं. ते आले की घरात लोकरीचा आणि तंबाखूचा वास भरायचा. गेले की घर एकदम मोठं वाटायचं. मग उरायचो आई, मी आणि भिका. पहाटे जाग यायची ती जात्याच्या घरघरीनं. आई जात्यावर गायची नाही, पुटपुटायची, कुणाशी तरी भांडत असल्यासारखी. मग शेरडांच्या गळ्यातल्या घाट्या, मग चुलीत फुंकर, मग तव्यावर बाजरीची भाकरी पडल्याचा तो थप्प आवाज. खायला आमच्याकडं काय असायचं? भाकरी, हुलग्याचं पातळ माडगं, मटकी, शेंगदाण्याची चटणी, पावसाळ्यात माळावरची भाजी, आणि शेरडीचं दूध. तेव्हा ते गरिबीचं खाणं होतं. आता त्याच बाजरीचं पीठ आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चकचकीत पिशवीत मिळतं आणि सून ते कौतुकानं आणते. मी काही बोलत नाही. मनातल्या मनात हसून घेते.

माझ्या पाठीवरची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली. एक तापानं गेलं, दुसरं कशानं गेलं ते कुणाला कळलंच नाही. आईनं त्यांचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. भिकाच्या वेळेला दिवस राहिले तशी ती औंधच्या डोंगरावर चढून गेली आणि यमाईपुढं पदर पसरून बोलली, "ह्या खेपंचं तेवढं जगव. माझ्या घरचा दाणा माझ्या पोरास्नी सोसत न्हाई, तर न्हाई घालायची त्याच्या तोंडात. पाच घरं मागून वाढवीन. पाचवं वरीस लागलं की तुझ्या पायाशी जावळ काढीन, आन मगच माझ्या घरचा घास भरवीन." असा नवस आमच्याकडं तेव्हा नवलाचा नव्हता. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत त्या घरानं लेकरू आपलं म्हणायचं नाही, मागून आणलेलं म्हणायचं. म्हणून नाव भिका. अंगात मागून आणलेल्या धडप्यांचं अंगडं. कुणाला हसू येईल तर येऊ दे. दोन पोरं मातीआड केलेल्या बाईला शहाणपण शिकवायला जाऊ नये, एवढं शहाणपण मला या वयात आलंय.

अंगावर पीत होता तोवर भिका चांगला गुटगुटीत होता. अंगावरचं दूध देवीनं माफ केलं होतं, असं आईनंच ठरवलं होतं. दूध तुटलं आणि नवस खऱ्या अर्थानं सुरू झाला. रोज सकाळी आई परडी घेऊन निघायची, मी तिच्या मागं, भिका माझ्या कडेवर. पाच दारं घ्यायची, दारात उभं राहून "यमाईचा जोगवा" म्हणायचं, आणि परडीत पडेल ते आणून वेगळ्या भगुल्यात शिजवायचं. चूल आमची, पण दाणा परका. तेल मागायचं, मीठसुद्धा मागायचं. आमच्या मिठाच्या मडक्याला भिकाचा हात लागला तरी आई त्याची बोटं धुवायची. पोरगं आमच्या ताटांकडं बघत बसायचं आणि आम्ही त्याच्याकडं पाठ करून जेवायचो. आई तर पटापट चार घास कोंबून उठायची. तिला स्वतःच्या हातची भाकरी स्वतःच्या पोराला देता येत नव्हती, हे तिचं दुखणं मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं तिला भूकच नाही.

आता गंमत ऐका. गंमत कसली, काळजाला चटका लावणारी गोष्ट. गावानं भिकाला कधी उपाशी ठेवलं नाही. उलट त्याच्यासारखं खाणं गावात एकाही पोराला मिळत नसेल. जोगवा देवीच्या लेकराचा! त्यात बाजरी घालायची? हुलगं घालायचं? छे! घराची अब्रू जाईल. प्रत्येकीनं आपल्या घरातलं उंची ते काढून घालायचं. उंची म्हणजे काय, तर पांढरं. आमच्या भागात भात सणाचा, म्हणून परडीत तांदूळ. साखर पाहुण्याची, म्हणून साखर. बत्तासे, खारी, शेव, आणि दुकानात नवी आलेली बिस्किटं. वरच्या आळीच्या थोरल्या काकू तर खास भिकासाठी बिस्किटांचा पुडा आणून ठेवायच्या आणि दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "खातोय न्हवं गं आमचा देव?" आई मान हलवायची. तो साखरभात खायचा, बिस्किट चोखायचा आणि झोपायचा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळं गाव त्याचे लाड करत होतं, आणि लाडालाडानं पोरगं वाळत चाललं होतं. तिसरं सरलं तरी ते धड पळत नव्हतं. केस तांबूस, पुढचे दात काळे, सारखी किरकिर, आणि मग मग किरकिरसुद्धा थांबली. ते गप्प बसायचं तेव्हा आई जास्त घाबरायची.

शेजारच्या शेवंताकाकीनं एकदा युक्ती काढली. ती आईला म्हणाली, "हौसा, तुझ्या शेरडीचं दूध मला दे. मी ते माझ्या भांड्यात घेती आन माझ्या दारातनं तुझ्या परडीत घालती. झालं की माझ्या घरचं!" शेवंताकाकी असल्या बाबतीत वकिलाच्या वरताण होती. मला ते एकदम पटलं. आईनं मात्र तिच्याकडं असं बघितलं की काकीनं पदर तोंडाला लावला. "देवी काय आंधळी हाय व्हय, शेवंता?" आई म्हणाली. "तिला फशवून पोर जगलं तर ते कुणाचं म्हणायचं?" विषय संपला. शेरडीचं दूध मी पीत राहिले आणि भिका बिस्किट चोखत राहिला.

त्याच साली गावात बालवाडी सुरू झाली. मारुतीच्या देवळाशेजारची खोली, शेणानं सारवलेली, भिंतीवर कुणीतरी काढलेला मोर, त्याला शेपटीपेक्षा मान मोठी. बाई होत्या वत्सलाबाई, मेढ्याकडच्या. डोंगरातलं माणूस, बोलणं मऊ आणि पाय भलते चपळ. लग्न होऊन आमच्या गावात आल्या होत्या, वय विशीच्या आतबाहेर. माझी शाळा अकराची, बालवाडी सकाळची, त्यामुळं भिकाला पोचवायचं आणि तिथंच बाईंच्या हाताखाली पाणी आण, पोरांची नाकं पूस असं करत बसायचं हा माझा उद्योग. बाईंनी पहिल्यांदा भिकाला काट्याच्या झोळीत बसवून वजन केलं तेव्हा त्यांनी काटा दोनदा हलवून पाहिला. त्यांना वाटलं काटाच बिघडलाय. तिथं पोरांना शिजवलेलं खाणं मिळायचं, पण ते धान्य पोत्यातून यायचं. आईनं साफ सांगितलं, "बाई, ती सरकारची पोती. मागितल्याली न्हाईत, पाच घरची न्हाईत. माझ्या पोराला त्यातलं देऊ नगासा." बाईंनी तिला वडूजच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्याला डाळ द्या, दूध द्या, पाला द्या, साखर बंद करा, नाहीतर पावसाळा काढणं अवघड आहे. परत येताना एसटीत आई खिडकीशी बसली. भिका तिच्या मांडीवर झोपला होता आणि ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती, श्वास चाललाय ना हे बघत.

जोगव्यात अमुकच घाला असं आईला मागता येत नव्हतं, म्हणून मग बाईंनीच पाणवठ्यावर बायकांना गाठलं. "अगं, परडीत डाळ घाला, शेंगदाणे घाला, मटकी घाला," असं त्या घरोघर सांगत सुटल्या. कुणी ऐकेना. थोरल्या काकू तर फणकारल्या. "देवीच्या पोराला हुलगं वाढू? हुलगं आमी बैलास्नी घालतो! मेढ्याला चालत आसंल, आमच्यात न्हाई चालत." बाई घरी जाऊन रडल्या म्हणे. हे शेवंताकाकीनं सांगितलं, आणि शेवंताकाकी सांगते म्हणजे त्यातलं थोडं खरं असणारच.

आणि मग पोती यायची थांबली. का थांबली ते कुणाला कळलं नाही. आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता बालवाडीतला शेवटचा डबा खडखडला. बाईंनी पोरांना सांगितलं, "उद्या येताना घरातनं मूठभर काहीतरी आणा. जे असेल ते. नसेल तर नसू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मलाही मूठभर बाजरी दिली. "सगळी पोरं नेणार, मग तू कशी मोकळ्या हातानं जाणार?" म्हणाली, आणि मग जरा थांबून, "भिकाला देऊ नगंस हां." मी बाजरी परकराच्या टोकाला गाठ मारून बांधली, भिकाला कडेवर घेतलं आणि निघाले.

बालवाडीत नुसता गलका. पोरं मुठी घट्ट आवळून आलेली, काहींच्या मुठीतला घाम दाण्यांना लागलेला. एकानं मटकी आणली, एकानं हुलगं, एकीनं चवळी, दोघातिघांनी बाजरी, कुणी शेंगदाणे, त्यातले निम्मे वाटेतच खाल्लेले. लोहाराच्या पोरीकडं दाणा नव्हता, तिनं शेवग्याचा पाला आणला होता आणि ती दाराशी लाजून उभी होती. बाईंनी तिचा पाला असा घेतला जसं काही सोनंच आणलंय. पाणी नव्हतं, म्हणून मला त्यांनी दारातूनच कळशी देऊन आडावर पिटाळलं. भिकाला मी भिंतीशी पोत्यावर ठेवलं, तो झोपलाच. मी एक खेप आणली, दुसरीला गेले. आडावर गर्दी, तासभर पाळी येईना, त्यात माझी कळशी एका म्हातारीच्या घागरीला लागली आणि तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या. तोवर इकडं बाईंनी सगळे दाणे तव्यावर भाजून, शेवंताकाकीच्या जात्यावर भरडून, पाला चिरून, काकीच्याच घरचं तेल-मीठ-कांदा घालून मोठ्या पातेल्यात शिजायला टाकलं होतं. वास आडापर्यंत आला. तो वास मला अजून सांगता येत नाही. भाजल्या बाजरीचा, कांद्याचा, शेंगदाण्याचा, सगळ्या घरांच्या चुली एकदम पेटल्यासारखा.

मी दारात आले आणि कळशी उंबऱ्यावरच टेकवली. भिका जागा झाला होता. वासानं जागा झाला होता. तो पोत्यावरून घसरत घसरत लोहाराच्या पोरीपाशी गेला होता आणि ती एक घास आपल्या तोंडात, एक त्याच्या तोंडात असं भरवत होती. नाकाला, गालाला, पोटाला सगळीकडं ते घट्ट गरगट्टं माखलेलं. बाई तिकडं पातेल्याशी वाकून वाढत होत्या, त्यांचं लक्षच नव्हतं. मी ओरडले, "भिक्या, थुक!" त्यानं माझ्याकडं बघितलं, तोंडातला घास गिळला, आणि रिकामी ताटली माझ्यापुढं धरून म्हणाला, "आनी." आणखी. भिकानं कधी काही आणखी मागितलं नव्हतं. जन्मापासून नाही.

गावात वाऱ्यापेक्षा बातमी पुढं पळते. कुठलं पोरगं पळत गेलं कुणास ठाऊक, पण थोड्याच वेळात आई आली. रानात गवत कापत होती, तशीच आली, हातात विळा, पदर खांद्यावरून घसरलेला. पाठोपाठ शेवंताकाकी, आणि थोरल्या काकूसुद्धा, कारण असली संधी त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "मोडला नवस! ह्या बाईनं मोडला! आता काय हुतंय बघा," असं काकूंनी दारातूनच सुरू केलं. बाईंचं तोंड पांढरं पडलं. "हौसावैनी, मी नाही हो भरवलं," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं. पोरांनी पोरांना भरवलं." पोराला उद्या काही झालं असतं तर गावानं त्यांना उभं ठेवलं नसतं, हे त्यांना कळत होतं. आणि मला तर वाटत होतं की भिका आत्ता, इथंच, माझ्यासमोर मरणार.

आईनं विळा बाहेर ठेवला. आत आली. भिकापुढं बसली. त्याच्या पोटाला हात लावला, कपाळाला हात लावला. मग बाईंकडं वळून तिनं अगदी हळू विचारलं, "ह्यात कुणाकुणाच्या घरचं हाय?"

बाई पोरांकडं वळल्या. पोरंच ओरडायला लागली. "माझी मटकी!" "माजं हुलगं!" "आमच्या घरची चवळी!" "माजं शेंगदाणं!" आई एकेका घराला एकेक बोट मिटत गेली. लोहाराच्या पोरीनं हळूच सांगितलं, "पाला माजा." आईनं पाचवं बोट मिटलं. पोरं थांबेनात, अजून ओरडतच होती, आणि आई मिटलेल्या मुठीकडं बघत बसली. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सुभे," ती म्हणाली. "सकाळी मी तुला बाजरी दिलीती. आपल्या घरची. ती कुठं हाय?"

मला आठवेना. खरंच सांगते, मला काही म्हणजे काही आठवेना. मी आले, कळशी घेतली, मग म्हातारी भांडली, मग वास आला. बाजरी मी पातेल्यात टाकली का? बाईंना दिली का? मी बाईंकडं बघितलं, बाई माझ्याकडं. माझे हात आपोआप परकराशी गेले, रडताना पोरी चाळा करतात तसे, आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. गाठ. टोकाला मारलेली, जशीच्या तशी. मला ती सोडता येईना. आईनं पुढं होऊन दातानं गाठ सोडली आणि तिच्या तळहातावर आमची बाजरी पडली. दाणान् दाणा.

आई तिथंच जमिनीवर फतकल मारून बसली. हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. शेवंताकाकीनं मारुतीच्या दिशेनं हात जोडले. "आगं, राखलं की गं देवीनं!" मलाही रडू फुटलं, आणि बाईंनाही, आणि आम्ही सगळ्या रडतोय म्हणून पोरांनीही भोकाड पसरलं. एकटा भिका ताटली आपटत होता. आईनं नाक पुसलं, ती बाजरी आपल्या पदरात बांधली आणि म्हणाली, "वाढा की बाई त्याला आणखी. बघतायसा काय? मागतंय न्हवं लेकरू."

माझ्या छातीवरचा धोंडा त्या क्षणी जो उतरला तो आजही उतरताना जाणवतो. आयुष्यात नंतर पुष्कळ चांगल्या बातम्या ऐकल्या, नोकरीच्या, लेकराच्या, नातीच्या. पण तसं हलकं मला परत कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परडी घेऊन थेट वरच्या आळीला गेली. थोरल्या काकू पुडा घेऊन बाहेर आल्या. आई म्हणाली, "काकू, बिस्कीट नगं. तुमी सकाळी जे खाल्लंसा त्यातलं मूठभर घाला." काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आगं, आमी काय, माडगं प्यालो. आमच्या दारातनं देवीला हुलगं जायाचं?" आई हसली. "आवं, देवीला तरी कुठं साखरंची सवय हाय? ती बी ह्याच माळावर बसलीया न्हवं. लेकराच्या तोंडानं तिनं काल पोटभर खाल्लं की सगळ्यांच्या समूर." काकूंनी पुडा पदराखाली घेतला. मग आत गेल्या आणि ओंजळ भरून हुलगं घेऊन आल्या, आणि वर म्हणाल्या, "निवडल्यालं हाय हां, खडा सापडायचा न्हाई." काकूंनी ओंजळ घातली म्हटल्यावर मग बाकीच्या घरांना कसली लाज! कुणी मटकी, कुणी तुरीची डाळ, कुणी गाईचं दूध वाटीभर, कुणी कोवळी मेथी. बालवाडीत पोती पुन्हा यायला लागली तरी बाईंनी ती मुठीची चाल मोडली नाही. पोरं आपल्या घरचं आपण घातलंय म्हटल्यावर ताटली चाटून पुसून खायची. नात जेवत नाही म्हणून सून हैराण होते तेव्हा मला वाटतं, तिला एकदा म्हणावं, पोरीच्या मुठीत दाणे देऊन बघ. पण सासूनं किती बोलायचं यालाही मर्यादा असते. मी ती पाळते, मला वाटतं तेव्हा.

भिका सुधारला. एकदम नाही, हळूहळू. आधी डोळ्यात चमक आली, मग किरकिर परत आली, आणि आईला त्या किरकिरीचा इतका आनंद झाला की ती ऐकत बसायची. मग पोट आत गेलं, मांड्या भरल्या. काट्याची झोळी खाली वाकली तेव्हा बाईंनी सगळ्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. मृगाच्या आधी आबा मेंढरं घेऊन आले, तर ओट्यावरून एक पोर उडी मारून शेरडीच्या मागं पळालं. आबांनी विचारलं, "ह्यो कुणाचा गं?" आई म्हणाली, "पाच घरचा." आबांनी घोंगडं खाली टाकलं आणि त्याला उचललं, आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. पुढं हाच भिका फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला. आता सांगलीला आला की माझ्या सुनेच्या हातच्या बाजरीच्या खिचडीवर असा ताव मारतो की ती बिचारी दुसऱ्यांदा कुकर लावते.

पण सांगायचं ते राहिलंच. भिकाला पाचवं लागलं तसे आम्ही औंधला गेलो. डोंगरावर वारा असा की आईचा पदर आबांनी धरून ठेवला होता. जावळ काढताना भिकानं न्हाव्याला शिव्या दिल्या, त्या कुठून शिकला ते आबांना माहीत असावं, कारण ते दुसरीकडं बघत होते. आईनं देवीपुढं डोकं टेकलं ते उचलेचना. खाली उतरताना ती वाटेत कुठं थांबली नाही, पाणी प्यायलाही नाही. घरी आली, पदर खोचला आणि जात्याशी बसली. तेव्हापासून बांधून ठेवलेली ती मूठभर बाजरी तिनं आधी जात्यात टाकली. दळलं, थापलं, तव्यावर भाकरी पडली. शेरडीचं दूध काढलं. भिकाला मांडी घालून समोर बसवलं, त्याचं ते गुळगुळीत डोकं चुलीच्या उजेडात चमकत होतं. आईनं भाकरी दुधात कुस्करली, घास उचलला आणि त्याला भरवला.

भिकानं घास खाल्ला. नीट चावून खाल्ला. तो नव्या घरचं काही चाखताना जसा विचार करून चाखायचा, तसाच. मग म्हणाला, "आई, तुझ्या घरचं बी लय ग्वाड हाय की."

आईच्या हातातला दुसरा घास तसाच राहिला. मग म्हणाली, "आरं येड्या, ह्ये तुझंच घर हाय."

भिका घोटाळला. त्यानं दाराबाहेर हात केला, शेवंताकाकीच्या घराकडं, लोहाराच्या घराकडं, वरच्या आळीकडं. "मग ती सगळी?"

आईनं दुसरा घास त्याच्या तोंडात घातला.

"ती बी तुझीच," ती म्हणाली. "खा."